मागचं काम

काकांच्या डोळ्यांचं घरात सगळ्यांना कळून महिना होत आला होता, तरी मोजणीसाहेबांना कुणी काही बोललं नव्हतं. ते स्वतःचं चित्र काढून घ्यायला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, तोच राखी कोट घालून येत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. काका त्यांच्यासमोर ब्रश धरून उभे राहत. पूर्वी काका माणसाच्या डोळ्यांत बघून चेहरा काढत. समोरचा ओशाळून जाई. आता ते साहेबांच्या कानाकडे बघत, मग खांद्याकडे, मग छताकडे. जिथे नजर रोखावी नेमका तिथेच काळपट डाग येतो. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पन्नास वर्षं चेहरे काढलेल्या माणसाचं बरोबर मधलंच गेलं होतं.

त्यामुळे साहेबांचं चित्र अडून बसलं होतं. बाकी सगळं झालं होतं. या घरात एक चित्र कधीच एका हातचं नसे. दादा कॅनव्हास ताणायचा, चौकटी आखून पेन्सिलीने माणूस बसवायचा. बाबा कपडे आणि हात करायचे. बाबांनी काढलेलं बटण उपटून घ्यावंसं वाटे. चेहरा काकांचा. आणि मागचं काम ठिपकीचं.

मागचं म्हणजे बसलेल्या माणसाच्या पाठीमागे जे दिसतं ते. डावीकडे खाच पडलेली एक टेकडी, उजवीकडे नदीचं वळण, मधे माणूस. डॉक्टर बसो, मुख्याध्यापिका बसो, की नवराबायको जोडीने बसोत, मागे तीच टेकडी आणि तीच नदी. पणजोबांनी त्याचा एक खाका करून ठेवला होता: मोठा कागद, त्यावर रेघांच्या जागी सुईने टोचलेली भोकं. कागद कॅनव्हासवर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खाली ठिपक्यांची टेकडी उमटे. चार वर्षांची असताना धाकटीने ती पुरचुंडी पळवून अख्खी भिंत ठिपक्यांनी भरवली, तेव्हापासून ती ठिपकी. अकराव्या वर्षी तिच्या हातात मागचं काम आलं. आता ती सव्वीस वर्षांची होती, आणि तिने तीच टेकडी तीनशेहून जास्त वेळा काढली होती.

त्या मंगळवारी काकांनी पाऊण तास ब्रश चालवला आणि मग चिंधीने साहेबांचं नाक पुसून टाकलं. चित्रातलं. ते नाक तिसऱ्यांदा पुसलं जात होतं.

"आज प्रकाश बरोबर नाही," काका म्हणाले.

बाबांनी घाईघाईने मान डोलावली. "ढग आलेत."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. ते उठले, गुडघे सरळ केले, आणि आपलं बिननाकाचं चित्र बघायला ईझलसमोर येऊन उभे राहिले. सरकारी मोजणी खात्यात जन्म काढलेला माणूस; कशाहीसमोर उभा राहिला की त्याची लांबी-रुंदी घेतोय असं वाटे.

"हे मागचं कुठलं आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठलं म्हणजे?" बाबा म्हणाले. "मागचं आहे."

"जागा कुठली, असं विचारतोय."

"जागा अशी नाही. आमच्याकडे पहिल्यापासून हेच आहे."

साहेबांनी बोट उचललं, पण कॅनव्हासला लावलं नाही. "टेकडीवर ऊन डावीकडून पडलंय. सावली उजव्या अंगाला. बरोबर? आणि नदीच्या काठाला ऊन उजवीकडून आहे, सावली डावीकडे. म्हणजे या चित्रात दोन सूर्य झाले."

दादाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. ठिपकी हातातला ब्रश पुसत होती, तशीच थांबली. तीनशे वेळा काढलं. ऊन तिने स्वतः लावलं होतं, पिवळसर पांढरा, डावीकडे टेकडीला, उजवीकडे नदीला. हात आपोआप जायचा.

"आमच्या आजोबांपासून असंच आहे," बाबा म्हणाले.

"मग आजोबांपासून चुकतंय," साहेब शांतपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "टेकडी मात्र माझ्या ओळखीची आहे. ही खाच मी मोजलीय. दोन पूल ओलांडून पूर्वेला जाणारा जुना रस्ता आहे ना, त्यावर सतराव्या मैलाचा दगड. तिथून ती अशीच दिसते. नदीही तिथे आहे, पण रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. एका नजरेत दोन्ही यायचीच नाहीत."

ते गेले, आणि दार लागल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले ते ठिपकीला. "रविवारनंतर या असल्या माणसांना तुलाच तोंड द्यायचंय. सवय करून घे."

रविवारी आत्या येणार होती. काकांची आणि बाबांची ती थोरली बहीण, आणि घरातली कुठलीही मोठी गोष्ट तिच्यासमोर व्हायची. काकांचे चेहऱ्याचे ब्रश रविवारी ठिपकीच्या हातात द्यायचे, असं बाबांनी ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी काका तापाने पडले असताना एका वकीलबाईंचा चेहरा तिने पुरा केला होता, आणि वकीलबाई 'काकांच्या हाताला तोड नाही' असं सांगत चित्र घेऊन गेल्या होत्या. तेव्हाच बाबांनी मनाशी नोंद केली. ठिपकीला स्वतःला त्या दिवशी काय वाटलं हे कुणी विचारलं नाही. तिला काहीच वाटलं नव्हतं. चेहरा येत होता. त्याचं कुतूहल मात्र तिला नव्हतं.

आज पहिल्यांदा तिला कशाचं तरी कुतूहल वाटत होतं, आणि ते पोटात भूक लागल्यासारखं वाटत होतं.

जेवताना तिने विषय काढलाच. "ती जागा खरी आहे, हे कुणाला माहीत होतं?"

"खरी कशाला असेल," बाबा म्हणाले. "मनाने काढलेली आहे. टेकडी काय, सगळ्या सारख्याच."

आई वाढता वाढता थांबली. "मला तर सासूबाईंनी सांगितलं होतं, की जुन्या घराच्या खिडकीतून हे दिसायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी ती खिडकी शोधत बसले होते."

"मला वाटायचं कॅलेंडरवरून उतरवलंय," दादा म्हणाला.

"आणि काका, तुम्हाला?"

काका ताटाच्या कडेकडे बघत जेवत होते; तसं बघितलं की त्यांना ताटाच्या मधलं दिसे. "मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं," ते म्हणाले. "ते म्हणाले, तू चेहरे शिकायला बसलायस, मागे काय बघतोस? त्यानंतर मी कधी मागे बघितलं नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "खरं सांगायचं तर आता तेवढंच दिसतं."

बाबांनी विषय तिथेच गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीने खाक्याचा कागद खिडकीच्या काचेला चिकटवला आणि उजेडात भोकं बघितली. इतकी वर्षं तिने तो कोळशाने थोपटला होता. वाचला कधीच नव्हता. कडा एकेरी भोकांच्या होत्या. जिथे सावली घ्यायची तिथे भोकांची दुहेरी रांग होती, जवळजवळ, नीट टोचलेली. टेकडीला ती उजवीकडे होती. नदीकाठाला डावीकडे. ज्याने केलं त्याने घाईत केलेलं नव्हतं. दोन्हीकडची सावली त्याने जाणूनबुजून, सुई धरून, शेकडो भोकं पाडून ठेवली होती.

शनिवारी तिने दादाला मोटारसायकल काढायला लावली.

"बाबांना काय सांगू?"

"कॅनव्हास आणायला चाललोय म्हणून सांग."

"कॅनव्हास कोपऱ्यात पडलाय ढीगभर."

"मग खिळे," ठिपकी म्हणाली, आणि रंगांची पेटी, पुठ्ठ्याचे चार तुकडे आणि तेलाची बाटली पिशवीत भरून मागे बसली.

सतराव्या मैलाचा दगड गवतात अर्धा बुडाला होता. गाडी उभी करून दोघं रस्त्याच्या कडेला आली, आणि ठिपकीने मान वर केली.

टेकडी होती. वर्षानुवर्षं फोटोत बघितलेला नातेवाईक स्टेशनवर समोर यावा तशी ती होती: ओळखू तर लगेच आला, पण हा इतका बुटका असेल असं वाटलं नव्हतं. खाच होती, पण कागदातल्यापेक्षा उथळ. आणि रंग कुठलाच ओळखीचा नव्हता. ठिपकी टेकडीला निळसर हिरवा लावायची, घरात चालत आलेलं मिश्रण, डबीवर चिठ्ठी लावून ठेवलेलं. ही टेकडी भाजलेल्या मातीच्या रंगाची होती, आणि सावलीच्या बाजूला चक्क जांभळी. सावली म्हणजे त्याच रंगात थोडा काळा मिसळायचा, असं तिला शिकवलं होतं. तिथे काळा कुठेच नव्हता.

तिने दगडावर बसून पहिला पुठ्ठा काढला. दादा शेजारी गवतात आडवा झाला, बिस्किटाचा पुडा फोडला.

तिला काहीच जमत नव्हतं, आणि तिला त्याचा राग येत नव्हता. टेकडीच्या पायथ्याला एक फिकी पट्टी होती. ती धूळ आहे, धूर आहे की नुसती हवा, हे कळेना. तिने तीनदा रंग केला, तीनदा पुसला. चौथ्यांदा डोळे बारीक करून बघितलं तेव्हा ती पट्टी मुळात वेगळी नव्हतीच; वरचा भाग गडद होता म्हणून ती फिकी दिसत होती. एवढ्याशा गोष्टीने तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. तुला नाही कळायचं."

"नसेल." दादाने एक काडी तोडली. "ठिपके, तू उद्या ब्रश घेणार?"

"तुला हवेत ना ते?"

तो उठून बसला. "तुला कुणी सांगितलं?"

"साहेब आले की तू त्यांना चहा नेऊन देतोस आणि अर्धा तास तिथेच घुटमळतोस. त्यांच्या बायकोचं, गुडघ्याचं, पेन्शनचं सगळं तुला पाठ आहे. ते गेले की तू वहीत त्यांचे चेहरे काढतोस. मी बघितलीय ती वही."

दादा टेकडीकडे वळला. "कुणी विचारलंच नाही मला," तो म्हणाला. "मी मोठा. विचारतील असं वाटलं होतं. काका म्हणतात, हा माणसाला विचारून चेहरा काढतो."

"म्हणजे?"

"म्हणजे समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बघतो. नाक जरा लहान, डोळे जरा तरतरीत. खरंय ते. पण सुटेल ती सवय. सुटली असती, कुणी करायला दिलं असतं तर."

ऊन कलायला लागलं होतं. टेकडीचा डावा उतार उजळत चालला आणि उजवा विझत चालला. ठिपकीने दुसरा पुठ्ठा घेतला आणि घाईने ती कड धरली; दर पाच मिनिटांनी बदलणारी गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा काढायला घेतली होती. शेवटी तिने ब्रश खाली ठेवला. पाठ अवघडली होती. ती उभी राहिली आणि आळस देत मागे वळली.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जमीन खाली उतरत गेली होती, आणि तिथे नदी होती. तेच वळण. साहेब म्हणाले होते तशीच, दुसऱ्या अंगाला. काठाच्या कपारीवर ऊन पडलं होतं. उजवीकडून.

ती परत वळली. टेकडी, ऊन डावीकडून. पुन्हा वळली. नदी, ऊन उजवीकडून.

"दादा, सूर्य कुठे आहे?"

"हा काय, रस्त्याच्या टोकाला." त्याने पश्चिमेकडे हात केला.

"टेकडीकडे तोंड केलं की तो माझ्या डाव्या हाताला येतो. नदीकडे तोंड केलं की उजव्या हाताला. दादा, सूर्य एकच आहे. तो माणूस वळलाय. तो इथे उभा होता, संध्याकाळी, याच सुमाराला. त्याने टेकडी बघितली, मग वळला आणि नदी बघितली. जे दिसलं ते तसंच ठेवलं."

दादा उठून तिच्या शेजारी आला आणि स्वतः दोन वेळा वळून बघितलं. एक सायकलवाला जाता जाता हळू झाला. "काही हरवलंय का?" त्याने विचारलं.

"नाही नाही," दादा म्हणाला. "आम्ही बघतोय." सायकलवाल्यानेही दोन्हीकडे बघून घेतलं आणि तो पुढे गेला.

उजेड होता तेवढ्यात ठिपकीने तिसऱ्या पुठ्ठ्यावर नदी उतरवून घेतली.

रविवारी आत्या आली ती सरळ कामाच्या खोलीत गेली आणि साहेबांच्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसली. "याला नाक नाही," ती म्हणाली.

"तेच तर आहे ना," बाबा म्हणाले. जेवणं उरकली होती. काका खिडकीकडे पाठ करून बसले होते, मांडीवर कापडात गुंडाळलेले ब्रश. आई दाराशी उभी होती. बाबांनी घसा साफ केला आणि भाषणासारखं काहीतरी सुरू केलं: चार पिढ्या, लोकांचा विश्वास, हात तयार असलेलं कुणीतरी. ते 'कुणीतरी' म्हणाले तेव्हा दादाने आपल्या चपलांकडे बघितलं.

"बाबा, मला ते नकोत," ठिपकी म्हणाली.

बाबांना वाटलं ती लाजतेय. "अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच भीती वाटते."

"भीती नाही वाटत. येतं मला. पण मला चेहऱ्यात काही शोधावंसं वाटत नाही. दादाला वाटतं. त्याला द्या."

"आणि तू काय करणार? जन्मभर मागचंच?"

"मागचं नाही. नुसतीच जागा काढणार. पुढे कुणी न बसवता."

आई पुढे झाली. "ठिपके, आत्यांसमोर असं काय बोलतेस? नंतर बोलू आपण." मग आवाज खाली आणून बाबांना म्हणाली, "तुम्ही तरी आधी विचारायचं होतं."

"मी विचारायचं? हे ठरलंय कधीचं. तू होतीस तेव्हा."

"मी होते. मला तरी कुठे विचारलंत?"

आत्याने हात वर करून दोघांना थांबवलं. "जागा म्हणजे कुठली जागा?" तिने ठिपकीला विचारलं. तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ठिपकीने पुठ्ठे आणले, पण आधी दाखवले नाहीत. "बाबा, इथे या. खोलीच्या मधे. खिडकी तुमच्या डाव्या हाताला येऊ द्या. आता समोर आईकडे बघा. आईवर उजेड कुठून आलाय?"

"डावीकडून," बाबा नाइलाजाने म्हणाले.

"आता पूर्ण मागे वळा. आत्याकडे बघा. तिच्यावर?"

बाबा वळले. आत्याच्या चेहऱ्यावर उजेड उजवीकडून पडला होता. मग कुणी न सांगता ते परत आईकडे वळले, आणि परत आत्याकडे.

"खिडकी एकच आहे," ठिपकी म्हणाली. "पणजोबांचं काही चुकलं नव्हतं. साहेब म्हणाले ती जागा आम्ही काल बघून आलो. मधून रस्ता जातो. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला नदी. ते मधे उभे होते."

खोलीत एकदम सगळे बोलायला लागले. आत्या सांगत होती, की आजोबा सतराव्या वर्षी घर सोडून चित्रं शिकायला याच गावात चालत आले ते त्या पूर्वेच्या रस्त्याने, हातात पत्र्याची पेटी होती, एवढं तिला पक्कं माहीत आहे. म्हणजे येतानाच त्यांनी ते बघितलं असणार.

"येताना कुठे कुणी थांबून बघतं," आई म्हणाली. "घर सोडलेल्या पोराला कधी पोचतो असं झालेलं असतं. परत जाताना बघितलं असेल. आईला भेटायला गेले असतील."

"परत गेलेच नाहीत ते," बाबा म्हणाले.

"तुला काय माहीत?" आत्या म्हणाली.

"वडील सांगायचे."

"वडील तर खिडकीतून दिसायचं असंही सांगायचे."

"ते आईने सांगितलं होतं, वडिलांनी नाही," बाबा म्हणाले, आणि दोघं भावंडं पन्नास वर्षांपूर्वीच्या एका वाक्यावरून शब्दाला शब्द देऊ लागली. ठिपकी ऐकत राहिली. चार पिढ्या भिंतीवर टांगलेली गोष्ट, आणि त्याबद्दल या घरात आज पहिल्यांदा भांडण होत होतं.

काकांनी हात पुढे केला. "दे इकडे."

ठिपकीने टेकडीचा दुसरा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि नजर सवयीने त्याच्या मधोमध नेली. मग आठवल्यासारखी जराशी बाजूला केली. काका बराच वेळ बघत होते. बोटाने कड चाचपली. रंग अजून ओला होता, तो बोटाला लागला.

"चेहरा काढलेला असला," काका म्हणाले, "की मला कोट दिसतो, खुर्ची दिसते, आणि माणसाच्या जागी डाग. तुम्ही सगळे बघता आणि मी नुसता उभा असतो. इथे मधेच बघायला हवं असं काही नाहीच. डाग कुठेही पडू दे, बाकीचं आहेच." ते थांबले. "महिन्याभरात मी पहिल्यांदा एक अख्खं चित्र बघितलं."

आईने डोळ्यांना हात लावला. काकांनी मांडीवरची गुंडाळी उचलली आणि दादा उभा होता त्या दिशेला धरली. "घे. साहेबांचं नाक मंगळवारी तू करायचंस. मी शेजारी बसेन. दिसणार नाही मला, पण तू त्यांच्याशी काय बोलतोस ते ऐकेन. गोड गोड बोलायला लागलास की समजेन, नाक लहान होतंय."

दादाने गुंडाळी दोन्ही हातांनी घेतली.

बाबा मात्र तिथेच, खोलीच्या मधे उभे होते. त्यांनी नदीचा पुठ्ठा ठिपकीच्या हातातून घेतला, वर-खाली बघितला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "काम चांगलंच आहे. पण पुढे कोण बसणार?"

"कुणी नाही, बाबा."

"म्हणजे हे असंच? रिकामं?"

"रिकामं नाही ते."

बाबांनी पुठ्ठा टेबलावर पालथा ठेवला, मग ओला आहे हे लक्षात येऊन घाईने सुलटा केला, आणि बाहेर निघून गेले.

मंगळवारी मोजणीसाहेबांना सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चाळीस वर्षं दुर्बिणीतून बघणाऱ्याला दुसऱ्याचा नेम चुकलेला कळतो. दादाने तीन बैठकांत नाक बसवलं. ते साहेबांच्या नाकापेक्षा किंचित लहान होतं. काकांनी ऐकून ऐकून ते दोनदा मोठं करायला लावलं.

बाबांनी आठवडाभर ठिपकीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. कोटाची बटणं काढताना ते अधूनमधून थांबत, खिडकीकडे बघत, आणि अगदी थोडंसं, कुणाला कळू नये असं, वळून बघत. ठिपकीला कळत होतं.

शनिवारी ती ईझल बांधत असताना ते पायांत बूट घालून दारात येऊन उभे राहिले.

"मला ते ऊन बघायचंय," ते म्हणाले. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण बघायचंय."

दोघं बसने गेली. ईझल बाबांनी उचलून घेतलं, ते शेवटपर्यंत तिच्या हातात दिलं नाही. मैलाच्या दगडाशी पोचली तेव्हा ऊन कललं होतं. बाबांनी टेकडी बघितली, वळून नदी बघितली, पुन्हा टेकडी बघितली. नंतर ते दगडापासून दहा पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले, एकदा खाली बसूनही बघितलं. आजोबांची उंची किती होती हे ते स्वतःशीच पुटपुटत होते. चित्रातल्या कपड्यांच्या घड्या रंगवणारा माणूस. घडी उलगडल्याशिवाय त्यांना चैन नसे. "इथे," शेवटी ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "इथेच. खाच आणि वळण दोन्ही इथूनच जमतं. दगडापाशी नाही. तू चार हात चुकलीस."

"बरं," ठिपकी म्हणाली, आणि तिने ईझल त्यांनी दाखवलेल्या जागेलगत रस्त्याच्या कडेला घेतलं. पण तोंड तिने टेकडीकडे केलं नाही आणि नदीकडेही नाही. सूर्य पाठीशी घेऊन ती पूर्वेकडे वळून बसली.

बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "इकडे काय आहे?"

"माहीत नाही. पणजोबांनी इकडचं काढलं नाही."

बाबांनी वळून बघितलं. रस्ता जात होता, दोन्हीकडे कापून झालेली शेतं होती, तारांचे खांब होते, आणि अगदी लांब सपाट जमिनीला एक सोनेरी कड आली होती, जी बघता बघता रुंद होत होती. ते बघत राहिले. ठिपकीने रंग काढले, तेल ओतलं, ब्रश बोटांत धरून वाट पाहिली. बाबा तिच्या समोरच्या दृश्याच्या बरोबर मधोमध उभे होते, हात पाठीमागे बांधून, घरी येणारी माणसं चित्रासाठी उभी राहतात तसे.

"बाबा," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग ते हळूच रस्त्यावरून खाली उतरले, वळसा घालून तिच्या मागे येऊन उभे राहिले, आणि तिच्या खांद्यावरून समोर बघू लागले.